आंबुशी आणि तिची गुलाबी बहीण

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. ती वाटचाल माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने मांडली आहे. म्हणून मी आज शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ उगवणाऱ्या दोन तणांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटले, ते मला इथून दिसते आहे. पण विषय निवडण्यामागे कारण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने महोत्सवानिमित्त मोठ्या मनाने देणगी देऊ केली असून त्या रकमेतून मागचे संपूर्ण अंगण पेव्हर ब्लॉकने आच्छादावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, मुले घसरतात, पालकांच्या तक्रारी येतात. प्रस्तावामागचा हेतू निर्विवाद चांगला आहे. निर्णय व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी त्या जमिनीवर काय आहे, हे निर्णय घेणाऱ्यांना आणि देणगी देणाऱ्यांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे भाषण.

मी एम.ए. झाले ती मराठी विषय घेऊन. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नाही. त्यातले जे थोडे आले, ते विज्ञानाच्या शिक्षिकांच्या सहवासाने आणि मुलांच्या प्रश्नांनी. त्यामुळे सुरुवात मला जवळच्या वाटेनेच, म्हणजे शब्दापासून करते.

टाकीच्या गळक्या तोटीखाली जमिनीला बिलगून पसरलेली, तीन-तीन पानांची, पिवळ्या फुलांची जी वनस्पती आहे, तिला आपण आंबुशी म्हणतो. कुठे आंबुटी, कुठे आंबोशी, तर कुठे तिच्या सरपटण्यावरून भुईसर्पटी. आंबट या शब्दाशी तिचे नाते सांगावे लागत नाही. आता आपल्या हैदराबादच्या शेजाऱ्यांकडे जा. तेलुगूत ती पुलिचिंत. ‘पुलि’ म्हणजे आंबट आणि ‘चिंत’ म्हणजे चिंच. तमिळमध्ये पुळियारै, मल्याळममध्ये पुळियारिल, बंगालीत आमरुल, हिंदीत तिनपतिया. एक हिंदी सोडली, तर साऱ्यांनी तिला जिभेवर ठेवूनच नाव दिले आहे. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस. तेही आंबट, तिखट अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले. संस्कृतात ती चांगेरी. चरकसंहितेतील शाकवर्गात चांगेरीचा उल्लेख आहे आणि चांगेरी घृत आजही वैद्यांच्या वापरात आहे. आमच्या पाचवीच्या वर्गात मराठी घरातली, तेलुगू घरातली आणि घरी हैदराबादी हिंदी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. ‘हिला तुमच्या घरी काय म्हणतात?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला, तर तास कसा संपतो ते कळत नाही.

तिच्या शेजारीच, भिंतीच्या सावलीत, तशाच तीन पानांची पण अंगाने थोराड अशी दुसरी वनस्पती आहे. तिची फुले गुलाबी, जांभळटाकडे झुकणारी. मुले दोघींनाही आंबुशीच म्हणतात. एक पिवळी, दुसरी गुलाबी. पान चावून पाहिले तर दोन्ही आंबट. दोघींत ऑक्झॅलिक आम्ल असते. साठच्या दशकातल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, १९५७ साली आलेला ब्राँझचा नया पैसा काळवंडला, की आंबुशीचा पाला चोळून तो लखलखीत करायचा आणि शाळेबाहेरच्या बोरेवालीला द्यायचा. आमच्या घरी याच पाल्याने देवाची तांब्याची भांडी उजळत. घरोघरी तिची डाळीत घालून आमटी होते आणि तेलुगू घरांतला पप्पूही होतो. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र हा पाला दूरच ठेवावा; ते आम्ल त्यांच्यासाठी नव्हे.

पिवळीचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. लिनियसने १७५३ साली ते दिले. कॉर्निक्युलाटा म्हणजे इवलीशी शिंगे असलेली, फळांच्या आकारावरून. गुलाबी बहिणीला काही पुस्तकांत ऑक्झॅलिस कोरिम्बोसा, तर अलीकडच्या पुस्तकांत ऑक्झॅलिस डेबिलिस म्हणतात. डेबिलिस म्हणजे अशक्त. हे नाव ठेवणाऱ्याने तिला कधी उपटून पाहिले नसावे, असे माझे नम्र मत आहे.

वरवर पाहिले, तर दोघींतला फरक रंगाचा आणि आकाराचा वाटतो. पाचवीची मुलेही प्रथम तेवढेच सांगतात. म्हणून आमच्या विज्ञान शिक्षिकांनी एक नियम केला आहे: रंग सोडून तीन फरक सांगायचे, आणि तेही जमिनीवर बसून पाहिलेले. मुले काय शोधतात ते सांगते. पिवळीला खोड आहे. ते दोऱ्यासारखे बारीक असते, जमिनीवरून धावते आणि पेरापेरांशी मुळे धरते. पाने त्या खोडावर एकाआड एक येतात. गुलाबीला जमिनीच्या वर खोडच नाही. तिची पाने आणि फुलांचे दांडे थेट मातीतून, जणू एका मुठीतून वर आलेले. पिवळीचे पर्णदल बोटाच्या नखाएवढे किंवा त्याहून लहान. गुलाबीचे चांगले रुपयाच्या नाण्याहून मोठे, लुसलुशीत आणि किंचित केसाळ. गुलाबीचे पान उलटून भिंगाखाली धरले, की कडेशी नारिंगी ठिपक्यांची बारीक नक्षी दिसते. हे ठिपके ज्या मुलाला प्रथम दिसतात, ते मूल दिवसभर इतरांना बोलावून बोलावून दाखवते. दोघींची दले मात्र हृदयाच्या आकाराची, टोकाशी खाच असलेली, आणि दोघी रात्री पाने मिटतात: तिन्ही दले छत्रीसारखी खाली झुकतात आणि देठाला टेकतात. दलांच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींत पाणी कमीजास्त होते, त्याने हे घडते. लाजाळूचे पान मिटते तेही याच तऱ्हेने. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या प्रतिसादावर जे प्रयोग केले, त्यांत लाजाळूबरोबर बायोफायटम नावाची एक चिमुकली वनस्पतीही होती. ती आंबुशीच्याच कुळातली.

या कुळातले आणखी एक नातलग तुमच्या ओळखीचे आहे. कमरख, म्हणजे गोव्याकडचे करमल. ते आडवे कापले, की पाच टोकांची चांदणी दिसते. आंबुशीचे कोवळे फळ पात्याने आडवे कापून भिंगाखाली धरा. तीच पाच कोनांची रचना, फक्त काडीच्या जाडीची. कुठे झाडाला लटकणारे कमरख आणि कुठे टाचेखाली चिरडणारी आंबुशी! पण नाते लपत नाही.

आता मी ज्यासाठी एवढा वेळ घेतला, त्या भागाकडे येते. या दोन बहिणींतला सर्वांत मोठा फरक वरून दिसत नाही. पुढच्या पिढीची सोय दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी केली आहे.

पिवळीचे फूल जेमतेम सेंटीमीटरभर रुंद असते. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. त्यांतले पाच लांब, पाच आखूड. मधमाशी आली तर उत्तम, न आली तरी तिचे अडत नाही, कारण स्वतःच्याच परागावर ती फळ धरू शकते. मग फुलाचा देठ खाली वाकतो आणि त्यावर फळ मात्र ताठ उभे राहते; हेच ते शिंग. फळ पिकले, की त्याच्या आत एक कारस्थान शिजते. प्रत्येक बीजाभोवती एक पांढरट, मांसल पिशवी असते. तिच्या आतल्या थरात ताण साठत जातो. तो असह्य झाला, की ती पिशवी फाटते, क्षणार्धात उलटी होते आणि आतले बी बाहेर भिरकावते. फळाला नुसता धक्का लागला, तरी चटचट आवाज होऊन बिया उडतात. सातवीच्या मुलांनी व्हरांड्यात पांढरी चादर अंथरून, मधोमध एक पिकलेले फळ ठेवून, बिया कुठवर जातात ते खडूच्या खुणांनी नोंदवले. हातभर अंतर तर सहज, आणि काही त्याच्या दुप्पट. विटकरी रंगाचे, आडव्या वळ्या असलेले ते बी ओले असताना बुटाला, कपड्याला चिकटते. मुलांच्या बुटांवर बसून आंबुशी या शाळेतून किती घरांच्या कुंड्यांत गेली असेल, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

गुलाबीला हे काहीच करता येत नाही. तिची फुले मोठी, देखणी, दांड्यावर झुपक्याने येणारी. पण महिनेच्या महिने पाहिले तरी आपल्याकडे तिला फळ धरलेले सहसा दिसत नाही. फुले येतात आणि गळून जातात. मग दर पावसाळ्यात ती पूर्वीपेक्षा अधिक कशी दिसते? याचे उत्तर खुरप्याच्या टोकाशी आहे. मातीखाली तिचा एक कंद असतो आणि त्याभोवती तांबूस-तपकिरी खवल्यांच्या आवरणातले लहान लहान कंद, ज्वारीच्या दाण्यासारखे, दाटीने चिकटलेले असतात. ते अगदी सैल बसलेले असतात. वरून रोप धरून ओढले, की पाने हातात येतात आणि बाळकंद मातीतच सांडतात. खुरप्याने खणले, की एकाच्या जागी पंधरा-वीस ठिकाणी विखुरतात. पंधरा ऑगस्टच्या आधी श्रमदानात मैदान साफ करण्याची आपली जुनी, चांगली प्रथा आहे. त्या श्रमदानाची सर्वांत आतुरतेने वाट कोण पाहत असेल, तर ती ही गुलाबी आंबुशी!

फळ का धरत नाही, हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला. त्याचे उत्तर फार सुंदर आहे आणि मला ते माहीत झाल्यापासून मी त्या फुलांकडे पूर्वीसारखी पाहू शकत नाही.

ऑक्झॅलिसच्या पुष्कळ जातींत फुले तीन प्रकारची असतात. रंगरूप सारखेच, फरक आतला. कुक्षी धरून ठेवणारा जो दांडा, तो काही रोपांच्या फुलांत पुंकेसरांच्या दोन्ही रांगांहून उंच असतो, काहींत दोन रांगांच्या मध्ये, आणि काहींत दोन्हींच्या खाली. एका रोपावर मात्र सगळी फुले एकाच प्रकारची. ज्या उंचीवर एकीची कुक्षी, त्याच उंचीवर दुसरीचे पुंकेसर. अशी जुळणी झाली, तरच परागाचे बी होते. स्वतःचा पराग स्वतःला फारसा उपयोगी पडत नाही. गुलाबी आंबुशी याच व्यवस्थेतली. तिला बी धरण्यासाठी आपल्याहून वेगळी शेजारीण लागते. चार्ल्स डार्विनने या विषयावर १८७७ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात त्याने ब्राझीलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्ग-अभ्यासकाचे निरीक्षण नोंदवले आहे. म्युलरने याच प्रजातीतल्या तांबड्या फुलांनी भरलेले, कित्येक एकरांचे एक शेत पाहिले. ती सारी फुले एकाच प्रकारची होती आणि त्या अफाट फुलोऱ्यात एकही बी धरलेले नव्हते. त्याच्या स्वतःच्या जमिनीवर दुसरी एक जात माजली होती, तीही एकाच प्रकारच्या फुलांची आणि तशीच वांझ. मग त्याने बागेत तिन्ही प्रकारची रोपे जवळजवळ लावली, आणि ती भरभरून फळली.

गुलाबी आंबुशीचे मूळ घर दक्षिण अमेरिका. माणसांनी ती फुलांच्या हौसेने जगभर नेली. नेताना कोणी तिच्या फुलात डोकावून पाहिले नाही. कुंडीत मावले ते नेले. एका कंदाचे दहा कंद, दहाचे शंभर. सगळे मूळ रोपाची हुबेहूब प्रत. त्यामुळे एका अंगणभर पसरलेली गुलाबी आंबुशी पुष्कळदा एकाच रोपाचा विस्तार असते. तिच्या आसपास तिच्यासारखीच ती असते, दुसरी कोणी नसते.

इथे तुमच्यापैकी काहींना रूपक सुचू लागले असेल. मराठीच्या शिक्षिकेला तर ते टाळणे फारच कठीण जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि या शहरातले मराठी लोक एका नव्या राज्यात राहून गेले. त्यांच्या पुढच्या पिढीसाठी ही शाळा निघाली. तेव्हा पटावर बहुतेक सगळी एकाच वळणाची घरे होती. आज नांदेड-लातूरहून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले आहेत, आई तेलुगू आणि वडील मराठी अशी घरे आहेत, आणि दोन अशीही मुले आहेत ज्यांच्या घरी मराठी कोणालाच येत नाही, पण शाळा जवळ आहे म्हणून ती आली. पट पूर्वीपेक्षा लहान झाला आहे, हे मी लपवत नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘शाळेचे मूळ रूप टिकले पाहिजे’ असे कळकळीने म्हटले. त्यांच्या कळकळीचा मला आदर आहे. पण मी ज्या वर्गांत रोज जाते, तिथे आजचे सर्वांत चांगले मराठी निबंध कोणत्या घरांतली मुले लिहितात, ते मी पाहते, आणि म्युलरची बाग मला आठवते. वनस्पती आपल्याला रूपके पुरवण्यासाठी उगवत नाहीत, हे मान्य करून मी पुन्हा अंगणात येते.

देशी आणि परकी हा वाद मुलेही घालतात. ‘बाई, गुलाबी परदेशी आहे, ती उपटून टाकू या’, असे एका मुलाने मोठ्या देशाभिमानाने सुचवले. मी त्याला म्हटले, डब्यात काय आणलेस? बटाट्याची भाजी होती. वर मिरची, टोमॅटो. तिन्ही अमेरिकेतून आलेले. वर्ग हसला, आणि तोही हसला. पिवळीचे मूळ गाव कोणते, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही. आज ती जवळजवळ साऱ्या उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत आहे. लिनियसने ज्या आंबुशीचे वर्णन केले, ती युरोपातल्या दक्षिण भागातली. जपानमध्ये तिला काताबामी म्हणतात आणि तिच्या तीन पानांची आकृती तिथल्या कित्येक जुन्या घराण्यांचे कुलचिन्ह आहे, कारण ती एकदा रुजली की वंश तुटत नाही. आपल्याकडे तिला चांगेरी म्हणून ओळखत होते ते अमेरिकेची जहाजे येण्याच्या कितीतरी शतके आधी. तेव्हा आपल्यापुरती ती आपलीच. गुलाबी उशिरा आलेली आहे. भाजीच्या वाफ्यात किंवा कुंड्यांत ती खरोखर त्रास देते, तिथे काढावीच. पण ओढून नव्हे, खोलवर ढेकळासकट उचलून, माती चाळून. टाकीजवळच्या भिंतीकडेला तिच्याखाली दुसरे काही उगवत नव्हते. तिथे मी तिला राहू दिले आहे. हा माझा वैयक्तिक पक्षपात समजा. दोघी शेजारी असल्या, तर मुलांना तुलना करता येते; एकटीची तुलना कशाशी करणार?

पिवळीवर आणखी एकाचा संसार आहे. पेल ग्रास ब्ल्यू हे इंग्रजी नाव असलेले, अंगठ्याच्या नखाएवढे फिकट निळे फुलपाखरू तुम्ही या अंगणात असंख्य वेळा पाहिले असेल आणि कधीच पाहिले नसेल. ते जमिनीलगत उडते. त्याची मादी आंबुशीच्या पानावर अंडे घालते आणि त्यातून निघालेली हिरवी, चपटी अळी आंबुशीच खाते. पानाच्या रंगात ती इतकी मिसळते, की कुरतडलेली कड दिसली तरच सापडते. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाल्यावर जपानी संशोधकांनी किरणोत्सर्गाचे परिणाम अभ्यासायला हेच फुलपाखरू निवडले. ते घराअंगणात, माणसांच्या पायाशी राहते, आणि त्याचे खाद्य असलेली आंबुशी सगळीकडे सापडते. बाधित भागातली आंबुशीची पाने त्या अळ्यांना खाऊ घालून त्यांनी प्रयोग केले. आपल्या टाकीजवळची अळी आणि त्या प्रयोगशाळेतली अळी एकाच जातीची, हे कळल्यावर नववीच्या मुलांनी विज्ञानाचे पुस्तक जरा वेगळ्या नजरेने उघडले.

आता पेव्हर ब्लॉककडे वळते. फरशी घातली की आंबुशी नाहीशी होईल आणि म्हणून ती घालू नका, असा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तो खोटा ठरेल. आंबुशी फरशीच्या फटीत येते. डांबराच्या कडेला येते. तुम्ही तापलेल्या फटीतली आंबुशी नीट पाहिली, तर तिची पाने पुष्कळदा हिरवी नसून तांबूस-जांभळी दिसतील. टोकियो परिसरातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले. शहराच्या तापलेल्या, फरसबंद भागांत तांबड्या पानांची आंबुशी अधिक, आणि हिरवळीच्या भागांत हिरव्या पानांची अधिक. जास्त तापमानात तांबड्या पानांची रोपे हिरव्यांपेक्षा चांगली वाढतात, असेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. एवढ्याशा तणात, आपल्या डोळ्यांदेखत, शहराच्या उष्णतेने बदल घडतो आहे. सांगायचे असे, की आंबुशीला माझ्या वकिलीची गरज नाही. ती तांबडी होऊन जगेल. गुलाबीचे कंदही ब्लॉकखालून वाट काढतील.

अडचण आपली आहे. संपूर्ण फरसबंद अंगणात अळी शोधायला मूल कुठे बसणार? मे महिन्यातल्या हैदराबादच्या उन्हात तापलेल्या ब्लॉकवर पाचवीतले पोर मांडी घालून भिंग धरेल, हे शक्य नाही. कंद पाहण्यासाठी खणायचे, तर माती हवी. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी आज अंगण नाही; दोन खोल्यांची घरे, वर-खाली मजले. गेल्या वर्षी एका मुलाने ‘माती’ या विषयावरील निबंधात ‘माती शाळेत असते’ असे वाक्य लिहिले. मी त्याला लाल शाईने दुरुस्त केले नाही. त्याच्यापुरते ते सत्य होते.

म्हणून माझी विनंती सविस्तर आणि ठोस आहे. प्रवेशद्वारापासून जिन्यापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंतची वाट ब्लॉकने बांधावी. चिखलाची तक्रार तिथलीच आहे आणि ती रास्त आहे. टाकीपासून पूर्वेच्या भिंतीपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा. टाकीची गळती दुरुस्त करावी, पण वाहून जाणारे पाणी त्या पट्ट्याकडे वळवावे. तोटीखाली हात धुतलेले पाणी एवढ्याला पुरेसे आहे. उरलेल्या रकमेतून एका वर्गाला पुरतील इतकी भिंगे घ्यावीत. सध्या प्रयोगशाळेत चांगल्या स्थितीत मोजकीच आहेत आणि मुले रांगेत उभी राहतात. ज्या तुकडीने देणगी दिली तिचे नाव वाटेच्या सुरुवातीला लागेल, याबद्दल निश्चिंत असावे. या पट्ट्याला कुंपण नको, फलक नको, ‘जैवविविधता उद्यान’ असे भारदस्त नाव तर नकोच. नाव दिले की कुलूप येते, आणि कुलूप आले की किल्ली कोणाकडे, हा प्रश्न येतो.

समारोपाच्या दिवसापर्यंत पुष्कळ मंडळी शहरात आहेत, म्हणून एक सूचना. आंबुशीची फुले सकाळी ऊन वर आल्यावर उघडतात आणि दुपार कलू लागली की मिटायला लागतात. ढगाळ दिवशी ती उघडायलाच आळस करतात. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर पाहू म्हणाल, तर निराशा होईल. येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत नऊच्या सुमारास सहावी आणि सातवीची मुले टाकीपाशी असतील आणि ती तुम्हाला सगळे दाखवतील. मुलांना प्रश्न विचारा. त्यांना पाहुण्यांना समजावून सांगायला फार आवडते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी बाक ठेवायला सांगितले आहे. कंद पाहायचा असेल तर मुलांनाच खणू द्या, त्यांना कुठवर खणायचे ते ठाऊक आहे. आणि पिवळीचे फुगलेले शिंग चिमटीत धरताना चेहरा जरा लांब ठेवा. बी थेट डोळ्यांकडे येते.